कंसातले पी-१६ : घशाच्या कर्करोगाच्या एका वर्गीकरणाची चिकित्सा

कर्करोगाची गाठ किती वाढली आहे आणि कुठवर पसरली आहे हे सांगण्यासाठी डॉक्टर 'टप्पा' किंवा 'स्टेज' हा शब्द वापरतात. पहिला टप्पा म्हणजे रोग लवकर सापडला, चौथा म्हणजे फार पुढे गेला, एवढे आता सर्वसामान्य माणसालाही ठाऊक असते. हे टप्पे कसे ठरवायचे याचे नियम देणारा एक प्रमुख ग्रंथ 'अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर' ही संस्था प्रसिद्ध करते. त्याची आठवी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली व २०१८ च्या आरंभापासून वापरात आली. या आवृत्तीतील दहाव्या प्रकरणाच्या शीर्षकाचा मराठी अर्थ असा : 'एचपीव्हीमुळे होणारा (पी-१६ धन) मुखग्रसनीचा कर्करोग'. त्याच्या पुढच्या प्रकरणाचे शीर्षक आहे : 'मुखग्रसनी (पी-१६ ऋण) आणि अधोग्रसनी'.

या लेखात आम्ही या दोन शीर्षकांतल्या कंसांची चिकित्सा करणार आहोत. एवढ्याशा कंसासाठी एवढी शाई कशाला, असे वाचकांना वाटेल. म्हणून आधी एक उदाहरण घेऊ. एका रुग्णाच्या टॉन्सिलवर तीन सेंटिमीटरची गाठ आहे, आणि मानेच्या त्याच बाजूला तीन लसीका ग्रंथी सुजल्या आहेत. त्यांपैकी प्रत्येक तीन सेंटिमीटरहून लहान आहे. रोग शरीरात इतरत्र गेलेला नाही. गाठीच्या कापावर पी-१६ ची चाचणी ऋण आली, तर या ग्रंथाप्रमाणे हा रुग्ण चौथ्या टप्प्यात जातो. चाचणी धन आली, तर तोच रुग्ण, तीच गाठ, त्याच ग्रंथी, पण टप्पा पहिला. एका रंगाने चौथ्याचा पहिला टप्पा होतो. म्हणून तो रंग नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही हे पाहणे आवश्यक आहे.

दोन वेगळे रोग

प्रथम ग्रंथाच्या बाजूचे सांगू. मुखग्रसनी म्हणजे तोंडाच्या मागचा घशाचा भाग. यात टॉन्सिल, जिभेचे मूळ, मऊ टाळू आणि घशाची मागची भिंत येते. येथील कर्करोग हा पूर्वी तंबाखू आणि दारूचा रोग मानला जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व उत्तर युरोपात धूम्रपान घटू लागले, पण टॉन्सिल व जिभेच्या मुळाचे कर्करोग मात्र वाढू लागले. यांतले काही रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. २००० साली मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील २५३ कर्करोगांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या २५ टक्के गाठींत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा डीएनए सापडला, आणि अशा गाठींपैकी ९० टक्क्यांत तो १६ क्रमांकाच्या प्रकाराचा होता. हा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आधीच ओळखला गेला होता. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये तो वेगळा काढला, आणि या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे २०१० मध्ये के. किआन अँग, गिलिसन व इतरांनी एका मोठ्या उपचार-चाचणीतील मुखग्रसनीच्या ३२३ रुग्णांचा हिशेब मांडला. २०६ जणांच्या गाठींत विषाणू होता. तीन वर्षांनंतर विषाणूसंबंधित गटातील ८२.४ टक्के रुग्ण जिवंत होते, तर दुसऱ्या गटातील ५७.१ टक्के. उपचार दोन्ही गटांना सारखेच मिळाले होते. एवढा फरक असताना दोघांना एकाच मापाने मोजणे चूक होते. जुन्या नियमांनुसार विषाणूसंबंधित रुग्णांपैकी बहुतेक जण चौथ्या टप्प्यात गणले जात, आणि तरीही बरे होत. मग त्या 'चौथा' या शब्दाला अर्थ काय राहिला? ग्रंथकर्त्यांनी या रोगासाठी स्वतंत्र प्रकरण केले हे योग्यच केले. आमचा आक्षेप वेगळे प्रकरण करण्याला नाही. त्या प्रकरणात कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्या कसोटीबद्दल तो आहे.

ब्रेक दाबलेला, वायर तुटलेली

पी-१६ हे आपल्या पेशीतलेच एक प्रथिन आहे, विषाणूचे नव्हे. वर्गात सांगताना हा मुद्दा हटकून निसटतो. 'पी-१६ धन' म्हणजे विषाणूचे प्रथिन सापडले, असा समज सहज होतो. मानुएल सेरानो, ग्रेगरी हॅनन आणि डेव्हिड बीच यांनी १९९३ मध्ये या प्रथिनाचे काम दाखवले. पेशी-विभाजनावरचा तो एक ब्रेक आहे.

त्याची साखळी अशी. पेशीने विभागू नये म्हणून आरबी नावाचे प्रथिन विभाजनाची जनुके चालू करणाऱ्या घटकांना धरून ठेवते. विभागायची वेळ आली की काही विकरे आरबीला फॉस्फेटचे गट जोडतात. त्यामुळे आरबीची पकड सुटते आणि विभाजन सुरू होते. पी-१६ या विकरांना अडवते. म्हणजे पी-१६ असेल तर आरबीची पकड कायम राहते आणि पेशी थांबते.

आता विषाणू काय करतो ते पाहू. एचपीव्हीची दोन प्रथिने येथे महत्त्वाची आहेत. त्यांपैकी ई-७ हे आरबीला चिकटते व त्याचा नाश घडवते. आरबीच नाहीसे झाल्यावर विभाजन मोकाट सुटते. पेशी याला उत्तर म्हणून पी-१६ अधिकाधिक बनवत राहते. सायकलवर उतारावरून जाताना ब्रेक करकचून दाबलेला असावा, पण मधली वायर तुटलेली असावी, तशी ही स्थिती आहे. हँडलवरचा हात पाहिला तर ब्रेक पूर्ण लागलेला दिसतो. चाक मात्र फिरतच असते. चाचणीत दिसणारा गडद तपकिरी रंग हा त्या दाबलेल्या हाताचा आहे.

तंबाखूमुळे होणाऱ्या गाठींत बहुधा उलटे घडते. तेथे पी-१६ चे जनुकच गळून पडलेले, बिघडलेले किंवा रासायनिक खुणांनी बंद केलेले असते. ब्रेकचा दांडाच मोडलेला. म्हणून रंग येत नाही. अमेरिकेच्या 'कॅन्सर जीनोम ॲटलास' या प्रकल्पाने २०१५ मध्ये डोके-मानेच्या २७९ गाठींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली, तीत हे चित्र स्पष्ट दिसले. धूम्रपानाशी निगडित गाठींत पी-१६ चे जनुक निकामी झालेले आणि पी-५३ चे जनुक जवळजवळ सर्वत्र बिघडलेले होते. विषाणूसंबंधित गाठींत बिघाडांची यादीच वेगळी होती.

चाचणीची रीत सोपी आहे. गाठीचा तुकडा मेणात घट्ट करून त्याचे पातळ काप काढतात. त्यावर पी-१६ ला चिकटणारी प्रतिपिंडे सोडतात आणि ती जेथे चिकटली तेथे रंग उमटेल अशी योजना करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून किती पेशी रंगल्या याचा अंदाज घेतात. या ग्रंथाने सीमारेषा ७५ टक्के पेशींवर ठेवली आहे, आणि रंगही निदान मध्यम गडद हवा. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत तीच रेषा ७० टक्क्यांवर ठेवली. म्हणजे ७२ टक्के पेशी रंगलेली गाठ एका नियमाने धन आणि दुसऱ्याने ऋण. निसर्गात अशी रेषा नसते. ती आपण आखतो. रेषा आखण्यात गैर काही नाही. पण ती आपण आखली आहे हे विसरता कामा नये.

पी-५३ ने शिकवलेला धडा

रंग कमी-जास्त दिसणे म्हणजे काय, याबाबत विज्ञान पूर्वी एकदा चांगलेच फसले होते. ती हकिगत शिक्षकांना ठाऊक असावी.

पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये डेव्हिड लेन, अर्नोल्ड लिव्हाइन आणि इतर काही गटांच्या कामांतून पुढे आले. माकडांतील एका विषाणूच्या प्रथिनाला ते चिकटलेले सापडले. जेलमधून ते जितक्या गतीने सरकले त्यावरून त्याचे वजन ५३ हजार डाल्टन धरले गेले आणि त्यावरूनच नाव पडले. खरे वजन ४४ हजारांच्या आत आहे. प्रथिनाच्या घडणीमुळे ते जेलमध्ये मंद सरकते, एवढेच. नावातली चूक तशीच राहिली आणि तिने कोणाचे नुकसान केले नाही. दुसरी चूक मात्र महाग पडली. कर्करोगाच्या पेशींत पी-५३ भरपूर सापडते, म्हणून ते कर्करोग घडवणारे प्रथिन असावे, असे सुमारे दहा वर्षे मानले गेले. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टीन व लिव्हाइन यांच्या गटांनी दाखवले की निरोगी पी-५३ कर्करोग रोखते. गाठींत साठलेले आणि प्रयोगशाळांत वापरलेले पी-५३ बहुतांशी बिघडलेले होते. निरोगी पी-५३ आपल्याच नाशाची व्यवस्था करते, म्हणून पेशीत त्याचे प्रमाण कमी असते. बिघडलेले ते करू शकत नाही, म्हणून ते साठते. पहारेकऱ्यांची गर्दी दिसली, पण ते सगळे झोपलेले होते.

घशाच्या कर्करोगात पी-५३ चा रंग असा वाचावा लागतो. तंबाखूच्या धुरातील द्रव्ये डीएनएवर आघात करतात, आणि पी-५३ चे जनुक हे त्यांचे नेहमीचे लक्ष्य. १९९५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डोके-मानेच्या कर्करोगाच्या १२९ रुग्णांची तपासणी झाली. धूम्रपान व मद्यपान दोन्ही करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांच्या गाठींत हे जनुक बिघडलेले होते. दोन्ही न करणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. अशा गाठींत पी-५३ चा रंग अनेकदा गडद येतो. विषाणूसंबंधित गाठींत जनुक सहसा शाबूत असते, पण विषाणूचे दुसरे प्रथिन, ई-६, तयार झालेल्या पी-५३ चा नाश करवते. म्हणून रंग फिका किंवा विखुरलेला येतो. पण काही तंबाखूजन्य गाठींत जनुकाचा बिघाड असा असतो की प्रथिन अर्धवटच तयार होते आणि टिकत नाही. तेथेही रंग दिसत नाही. म्हणजे रंग नसण्याची दोन अगदी वेगळी कारणे झाली : एकात जनुक शाबूत असून विषाणूने प्रथिन खाल्ले, दुसऱ्यात जनुकच मोडले.

यावरून लक्षात यावे की दर्शक प्रथिनाचा रंग हा परिणाम असतो. एकाच परिणामामागे दोन कारणे असू शकतात. पी-१६ लाही हाच नियम लागू आहे. आरबी नाहीसे होण्याला विषाणू हे एक कारण. जनुकाचा बिघाड हे दुसरे. दोन्हीकडे पी-१६ वाढू शकते. टॉन्सिलच्या खाचांतील निरोगी आवरणातही पी-१६ चे तुरळक ठिपके रंगतात. मग कंसातले पी-१६ आणि कंसाबाहेरचा विषाणू यांत बरोबरीचे चिन्ह कसे टाकावे?

पहिला आक्षेप : बरोबरीचे चिन्ह

या प्रश्नाचे उत्तर मोजून देणारा अभ्यास हिशम मेहाना आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपातील आठ देश आणि कॅनडा येथील ७,६५४ रुग्णांच्या गाठींवर पी-१६ आणि विषाणू अशा दोन्ही चाचण्या झाल्या होत्या. त्यांपैकी ३,८०५ गाठी पी-१६ धन होत्या. त्यांतल्या ४१५ गाठींत, म्हणजे १०.९ टक्क्यांत, विषाणू नव्हता. उलट बाजूने, पी-१६ ऋण गाठींपैकी २८९ मध्ये विषाणू होता. एकूण ७०४ जणांबाबत, म्हणजे ९.२ टक्क्यांबाबत, दोन चाचण्यांचे उत्तर जुळले नाही.

नऊ टक्के हा आकडा लहान वाटेल. पण या रुग्णांचे पुढे काय झाले ते पाहू. पाच वर्षांनंतर दोन्ही चाचण्या धन असलेल्यांपैकी ८१.१ टक्के जिवंत होते. दोन्ही ऋण असलेल्यांपैकी ४०.४ टक्के. पी-१६ धन पण विषाणू नसलेले : ५४.७ टक्के. पी-१६ ऋण पण विषाणू असलेले : ५३.२ टक्के. ग्रंथाच्या नियमाप्रमाणे ५४.७ टक्क्यांचा गट ८१.१ टक्क्यांच्या गटाबरोबर एकाच प्रकरणात बसतो. शंभरांतल्या पंचावन्नांना ऐंशींची आशा सांगितली जाते. उलट ५३.२ चा गट चाळिसांत जाऊन बसतो. गटागटांतील एवढे अंतर ज्या कसोटीने झाकले जाते, ती कसोटी रोगाचे नाव ठरवायला पुरेशी नाही, असे आमचे मत आहे.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरतो. 'तुमचा कर्करोग या विषाणूमुळे झाला' हे वाक्य घरात गेले की पती-पत्नींमध्ये प्रश्न उभे राहतात. संसर्ग अनेक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि त्यावरून कोणाच्या वागणुकीचा निवाडा करणे चूक आहे, हे समजावून सांगावे लागते. ज्याच्या गाठीत विषाणू मुळात नाहीच, त्याच्या घरात हे वाक्य केवळ रंगाच्या भरवशावर जाणे ही लहान चूक नव्हे.

दुसरा आक्षेप : परीक्षा एक, अर्थ गावागणिक वेगळा

मेहाना यांच्या अभ्यासातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष असा की, जेथे विषाणूसंबंधित कर्करोगांचे प्रमाण कमी, तेथे दोन चाचण्यांतली तफावत जास्त. असे का व्हावे हे समजायला वैद्यकाची नव्हे, आठवी-नववीच्या शेकडेवारीची गरज आहे.

२०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा होता : गाठीत विषाणू कार्यरत असेल तर पी-१६ ची चाचणी शंभरांत ९४ वेळा धन येते, आणि तो नसेल तर शंभरांत ८३ वेळा ऋण येते. म्हणजे विषाणू नसतानाही १७ वेळा ती धन येते. आता दोन काल्पनिक गावे घेऊ. प्रत्येकात मुखग्रसनीच्या कर्करोगाचे १,००० रुग्ण आहेत.

पहिल्या गावात १,००० पैकी ७०० रुग्णांचा रोग विषाणूमुळे आहे. त्यांपैकी ६५८ जणांची चाचणी धन येईल. उरलेल्या ३०० मध्ये विषाणू नाही, पण ५१ जणांची चाचणी तरीही धन येईल. एकूण धन ७०९. त्यांत खरे ६५८, म्हणजे सुमारे ९३ टक्के. चाचणीवर विसंबायला हरकत नाही.

दुसऱ्या गावात फक्त २०० जणांचा रोग विषाणूमुळे आहे. त्यांतले १८८ धन येतील. उरलेल्या ८०० पैकी १३६ खोटे धन येतील. एकूण धन ३२४. त्यांत खरे १८८, म्हणजे ५८ टक्के. दर शंभर 'पी-१६ धन' रुग्णांत ४२ जणांच्या गाठीत विषाणूचा हात नाही!

चाचणी तीच, प्रतिपिंडे तीच, डोळेही तितकेच तयार. बदलले ते फक्त गाव. ग्रंथाच्या शीर्षकातला कंस मात्र दोन्ही गावांत सारखाच छापला जातो. आमचा या वर्गीकरणावरचा हा सर्वांत मोठा आक्षेप आहे. ज्या देशांत हा नियम तयार झाला तेथे विषाणूचा वाटा मोठा आहे. नियम मात्र जगभर गेला.

आपण कोणत्या गावात राहतो? भारतात घशाच्या कर्करोगातील विषाणूचा वाटा किती, याबाबत निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांपासून दूर आहेत, पण एकंदरीत तो उत्तर अमेरिका व उत्तर युरोपाहून कमी आढळतो. याचे कारण उघड आहे. बिडी, सिगारेट, तंबाखूची चिमूट, मिश्री, गुटखा यांचे राज्य आपल्याकडे अजून संपलेले नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखूची सवय त्याने गेली नाही. म्हणजे आपण दुसऱ्या गावाच्या जवळ आहोत. मेहाना यांच्या अभ्यासातील नऊ देशांत भारत नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. तेथील १०.९ टक्के हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही.

तिसरा आक्षेप : भाकितावरून उपचार

खुणेवरून कारणाकडे घेतलेली उडी ही पहिली चूक. तिच्या मागोमाग दुसरी उडी येते : भाकितावरून उपचाराकडे. या कर्करोगावर किरणोपचाराबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देतात. ते मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला इजा करू शकते. विषाणूसंबंधित रुग्ण तुलनेने तरुण असतात व बरे होऊन पुढे अनेक वर्षे जगतात. मग त्यांना एवढा जड उपचार कशाला, सौम्य औषध का नको, असा विचार पुढे आला. तो सहृदय होता आणि तर्काला धरूनही दिसत होता. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहण्याचे ठरले.

२०१९ मध्ये अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोहोंत रुग्णांची निवड पी-१६ च्या आधारे झाली होती. अमेरिका व कॅनडातील चाचणीत सुमारे ८५० रुग्ण होते. पाच वर्षांनंतर सिस्प्लॅटिनच्या गटातील ८४.६ टक्के, तर सेटुक्सिमॅबच्या गटातील ७७.९ टक्के रुग्ण जिवंत असल्याचा अंदाज निघाला. युरोपात झालेल्या दुसऱ्या चाचणीत ३३४ रुग्ण होते. दोन वर्षांनंतरचे आकडे ९७.५ आणि ८९.४ टक्के. त्या चाचणीत सौम्य औषधाने एकूण गंभीर त्रासही कमी झाला नाही.

हा निकाल केवळ पी-१६ च्या चुकीच्या निवडीमुळे लागला असे म्हणता येणार नाही. त्या देशांत बहुतेक पी-१६ धन रुग्णांत विषाणू खरोखरच होता. येथे चूक तर्काची होती. हा गट बरा होतो हे माहीत होते. कोणत्या उपचाराने बरा होतो हा प्रश्न त्यात आपोआप सुटत नाही. हुशार मुले शिकवणीशिवायही उत्तीर्ण होतात असे गृहीत धरून शिकवणी बंद केली, आणि निकाल खाली आला, अशातलाच हा प्रकार. आठव्या आवृत्तीच्या नव्या टप्प्यांवरून कोणी उपचार कमी करू नयेत, असा इशारा त्या वेळी तज्ज्ञांनी दिला होता. पण 'पहिला टप्पा' या शब्दांना स्वतःचे वजन असते. रुग्णाच्या कानावर ते पडले की इशारा मागे राहतो.

ग्रंथकर्त्यांची बाजू

समीक्षकाने प्रतिपक्षाची अडचणही सांगितली पाहिजे. पी-१६ ची चाचणी स्वस्त आहे. तपासणीसाठी काढलेल्या त्याच मेणाच्या ठोकळ्यावर ती होते, आणि साधारण सोयीच्या प्रयोगशाळेतही करता येते. विषाणूच्या चाचण्या अधिक खर्चाच्या, आणि त्याही निर्दोष नाहीत. नुसता विषाणूचा डीएनए सापडला म्हणून कर्करोग त्यानेच केला असे होत नाही. तो निमूट पाहुणाही असू शकतो. ई-६ व ई-७ ची जनुके चालू आहेत हे दाखवणारी आरएनएची चाचणी अधिक खात्रीची, पण सर्वत्र उपलब्ध नाही. जगभर वापरायचा नियम सर्वांना परवडेल असा हवा, हा ग्रंथकर्त्यांचा विचार रास्त होता. चाचणी घेणे शक्य नसलेल्या ठिकाणी नियमच कोलमडला असता.

तरीही एक मधला मार्ग होता आणि आहे. पी-१६ ही पहिली चाळणी ठेवावी. ती धन आली की विषाणूची दुसरी चाचणी करावी. २०१७ च्या त्याच एकत्रित अंदाजानुसार दोन्ही चाचण्या धन असणे ही कसोटी लावली, तर विषाणूचे ९३ टक्के रुग्ण सापडतात आणि खोटे धन १७ ऐवजी ४ टक्क्यांवर येतात. आमच्या दुसऱ्या गावात याचा अर्थ असा : १८६ खरे, ३२ खोटे, म्हणजे ५८ ऐवजी ८५ टक्के भरवसा. ही दुसरी चाचणी सर्वांची करायची नाही, १,००० पैकी ३२४ जणांचीच करायची आहे. आणि जेथे तीही शक्य नाही, तेथे निदान अहवालात 'विषाणूजन्य' असे न लिहिता 'पी-१६ धन' एवढेच लिहावे. जे पाहिले तेवढेच लिहिण्याला खर्च येत नाही.

हा प्रश्न एकेका रुग्णापुरताही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२-२३ मध्ये एचपीव्हीवरची भारतीय लस आणली. १६ क्रमांकाचा प्रकार तिच्या चार लक्ष्यांपैकी एक आहे. लसीमुळे घशाचे किती कर्करोग टळतील याचा अंदाज बांधायचा, तर आज त्यांतले किती विषाणूचे आहेत हे ठाऊक हवे. तो हिशेब केवळ पी-१६ वर मांडला, तर विषाणूच्या नावावर तंबाखूचे पाप जमा होईल, आणि तंबाखू तेवढी निर्दोष ठरेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी लसीचे महत्त्व निर्विवाद आहे. त्याला अशा फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही.

वर्गात काय सांगावे

हा विषय वर्गात न्यायचा तर प्रथिनांची नावे पाठ करून घेण्याची आवश्यकता नाही. लिटमसपासून सुरुवात करावी. निळा लिटमस तांबडा झाला की द्रावण आम्लधर्मी आहे हे कळते. ते लिंबाचे की चिंचेचे की व्हिनेगरचे, हे लिटमस सांगत नाही. 'तांबडा म्हणजे लिंबू' असे जो लिहील त्याचे उत्तर लिंबांच्या बागेत बहुधा बरोबर येईल आणि चिंचेच्या बनात बहुधा चुकेल. लिटमस दोन्हीकडे सारखाच प्रामाणिक आहे, चूक वाचणाऱ्याची.

त्यानंतर आलेखाच्या कागदावर शंभर चौकोन आखून घ्यावेत आणि वरच्या दोन गावांचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. एका कागदावर ७० चौकोन रंगवायचे, दुसऱ्यावर २०. रंगवलेल्यांपैकी अनुक्रमे ६६ आणि १९ चौकोनांवर फुली मारायची. कोऱ्या चौकोनांपैकी ५ आणि १४ वर. मग फक्त फुल्या मोजायच्या आणि त्यांतल्या किती रंगीत चौकोनांवर पडल्या ते पाहायचे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना २०, ३०, ४० असे वेगवेगळे आकडे घेऊन तक्ता करायला सांगता येईल. विषाणूचा वाटा किती असला म्हणजे दर शंभर धन उत्तरांत नव्वद खरी ठरतात, हे त्यांनी स्वतः शोधावे. उत्तर साठाच्या पुढे निघते, आणि ते पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'अमुक प्रथिनावरून कर्करोगाचे निदान' अशी बातमी आली, तर या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत : हे प्रथिन कारण आहे की परिणाम? हा परिणाम आणखी कशाने होऊ शकतो? आणि ही चाचणी ज्या लोकांवर तपासली, ते लोक आमच्यासारखे आहेत का?